उजेडाला पॅनेल, उबेला भिंत

गावाकडे कुक्कुटपालनाचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं: आता सोलर बसवलं की प्रश्न मिटला. छतावर पॅनेल, खाली बॅटरी, खुराड्यात बल्ब. पिल्लांना ऊब मिळेल, कोंबड्यांना उजेड मिळेल आणि वीजबिल शून्य होईल. यातला उजेडाचा भाग बरोबर आहे. उबेचा भाग चुकीचा आहे, आणि ही चूक गरिबाला सगळ्यात महाग पडते.

महाराष्ट्रात परसातल्या कोंबडीपालनाला चालना देणाऱ्या सरकारी योजनांमध्ये दोन प्रकारचं वाटप असतं. शंभर एकदिवसीय पिल्लं किंवा तलंगांचा (वाढीच्या वयातल्या कोंबड्यांचा) गट, म्हणजे पंचवीस माद्या आणि तीन नर. पहिला प्रकार घेऊ, कारण ऊब लागते ती पिल्लांना. एका दिवसाचं पिल्लू जेमतेम चाळीस ग्रॅमचं. अंगावर पिसं नाहीत, नुसती लव. शरीराचं तापमान राखायची यंत्रणा अजून तयार व्हायची असते. पहिल्या आठवड्यात त्याच्या पातळीवर साधारण 35 अंश सेल्सिअस लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचं. चार-पाच आठवड्यांत पिसं भरली की बाहेरच्या उबेची गरज संपते. हा काळ म्हणजे ब्रूडिंग. परसातल्या पिल्लांची मरतूक बहुतेक याच काळात होते.

आपल्याकडचा रूढ हिशोब दर पिल्लामागे दोन वॅटचा आहे. शंभर पिल्लांना दोनशे वॅट, म्हणजे साठ वॅटचे तीन-चार पिवळे बल्ब टोपलीखाली किंवा पत्र्याच्या छत्रीखाली टांगलेले. डिसेंबरातली रात्र धरा, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ. चौदा तास गुणिले दोनशे वॅट म्हणजे 2.8 युनिट, तेही एका रात्रीत. हे सोलरमधून काढायचं तर बॅटरीतून काढावं लागणार, कारण ऊब लागते तेव्हा सूर्य नसतो. घराघरांत इन्व्हर्टरला असते ती 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1.8 युनिट साठवते. ती रोज पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची. म्हणजे हातात आलं 0.9 युनिट. एका रात्रीसाठी अशा तीन बॅटऱ्या लागतील, एकेक साधारण पंधरा हजारांच्या घरातली. शिवाय त्या भरायला एक किलोवॅटचं पॅनेल लागेल, जे आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. आणि हे सगळं वर्षातून दोन-तीन लॉटसाठी, दर लॉटचे चार-पाच आठवडे. उरलेले दिवस हा साठ-सत्तर हजारांचा संसार कोंबड्यांच्या दृष्टीने रिकामा बसून राहणार. शंभर पिल्लांच्या लॉटमधून घरच्या बाईच्या हातात किती उरतं हे ज्याला माहीत आहे, त्याला हे गणित पुढे मांडायची गरज नाही.

त्या एक किलोवॅटच्या पॅनेलचं क्षेत्रफळ पन्नास-पंचावन्न चौरस फूट भरतं. शंभर पिल्लांना पहिल्या दिवसांत लागणारी जागाही जवळपास तेवढीच. या एवढ्या जागेवर दिवसभरात पंचवीस युनिटच्या आसपास ऊन पडतं. त्यातला पाचवा हिस्सा पॅनेल विजेत बदलतं, उरलेलं ऊन ते स्वतः तापण्यात घालवतं. मग ती वीज बॅटरीत जाताना थोडी गळते, इन्व्हर्टरमधून निघताना थोडी गळते आणि शेवटी बल्बमध्ये जाऊन काय होतं? तर पुन्हा उष्णता. ऊन ही मुळातच उष्णता होती. तिची वीज केली, वीज साठवली आणि साठवलेल्या विजेची परत उष्णता केली. या येण्याजाण्यात दहातले नऊ वाटे हरवले.

अॅमरी लोव्हिन्स या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1976 मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला होता. ऊर्जा किती लागते हे विचारण्याआधी कोणत्या प्रतीची लागते हे विचारा, असा त्याचा रोख होता. वीज ही सर्वांत वरच्या प्रतीची ऊर्जा. तिच्यावर मोटर फिरते, दिवा लागतो, फोन चालतो. खोली वीस अंशांवर ठेवायला मात्र इतकी उंची ऊर्जा जाळणं उधळपट्टी आहे. अमेरिकेतल्या अणुभट्ट्या आणि तेलाच्या वादात लिहिलेला तो लेख. पण तो प्रश्न आज आपल्या खुराड्याला जितका लागू पडतो तितका क्वचित कशाला पडत असेल, कारण इथे ऊब आणि उजेड या दोन गरजा एकाच बल्बमध्ये बांधल्या गेल्या आहेत.

पिवळा बल्ब दिवा म्हणून अगदीच नालायक. घेतलेल्या विजेतली पाच टक्क्यांच्या आसपास उजेडात जाते, बाकी सगळी उष्णता. त्याच दोषामुळे तो कोंबडीवाल्यांना प्रिय झाला. 2015 च्या जानेवारीत ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि घरोघरी नऊ वॅटचे एलईडी आले, तसे कोणी कोणी ब्रूडरमध्येही एलईडीच लावले. उजेड तेवढाच पडला आणि पिल्लं गारठली. पिवळ्या बल्बने ज्या दोन गरजा एक केल्या होत्या, त्या एलईडीने वेगळ्या करून दाखवल्या. आता आपणही त्या वेगळ्या धरायला हव्यात.

आधी उजेड. कोंबडीला उजेड लागतो तो दिसण्यासाठी थोडा आणि दिवस किती मोठा आहे हे कळण्यासाठी जास्त. पक्ष्यांचा मेंदू उजेड डोळ्यांनी घेतो तसा कवटीतून थेटही घेतो. फ्रान्समध्ये जाक बन्वा याने 1930 च्या दशकात बदकांवर प्रयोग केले आणि डोळे नसतानाही प्रकाश वाढवला की जननेंद्रियांची वाढ होते हे दाखवलं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना दिवस चौदा-सोळा तासांचा झाल्याचं कळलं की त्या संप्रेरकांची साखळी सुरू करतात आणि अंडाशय कामाला लागतो. त्यासाठी झगझगीत उजेड नको. खाद्याच्या भांड्याजवळ वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतील एवढा पुरतो. उजेड हा निरोप आहे, ऊब हा माल आहे. निरोपाला पोस्टकार्ड पुरतं, मालाला ट्रक लागतो. सोलरवाला आपल्याला ट्रकच्या कामाला पोस्टकार्ड विकतो आहे, आणि तेही ट्रकच्या भावात.

निरोपाचा हिशोब बघा. मुंबई-नाशिकच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. युरोपातल्या कोंबडीपालकाला डिसेंबरात आठ-नऊ तासांचाच दिवस मिळतो, त्यामानाने आपल्याकडे फारशी भर घालावी लागत नाही. नऊ वॅटचा एक एलईडी पहाटे तीन-चार तास लावला की झालं. पस्तीसेक वॅट-अवर, म्हणजे वरच्या 2.8 युनिटचा ऐंशीवा हिस्सा. वीस वॅटचं एक पॅनेल, लहानशी लिथियम बॅटरी आणि एक टायमर एवढ्यात ते भागतं. भर पहाटे घालायची, रात्री नाही. रात्री दिवा अचानक विझला की कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकतात, त्यांना बसायचा दांडा सापडत नाही. पहाटे दिवा लागला की हळूहळू खऱ्या उजाडण्यात मिसळून जातो. एकदा भर सुरू केली की अंड्याच्या हंगामात ती कमी करायची नाही, आणि वाढीच्या वयातल्या तलंगांना ती द्यायचीच नाही. नाहीतर त्या अंगाने भरायच्या आत अंड्यावर येतात.

इथे एक कबुली द्यायला हवी. गावरान कोंबडीच्या बाबतीत या दिव्याचा फायदा थोडा आहे. ती कमी अंडी देते ती दिवस लहान असल्यामुळे नव्हे. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, आणि तिला खायला मिळतं ते उकिरड्यावर वेचलेलं. वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींना, तेही बांधून खाद्य मिळत असेल तरच, दिव्याने अंडी वाढतात. खाद्यात चुना नसताना नुसता दिवा वाढवला तर कवचाचा चुना कोंबडी आपल्या हाडांतून काढते. तरीही खुराड्यात एक सोलर दिवा असावा असं मी म्हणेन. अंड्यांसाठी नाही, तर रात्री कलकल ऐकू आली की मुंगूस आहे, साप आहे की मांजर हे दिसावं म्हणून.

आता ऊब. मोठ्या कोंबडीला आपल्या हवामानात बाहेरची ऊब लागतच नाही. तिचं अंग 41 अंशांवर असतं आणि पिसांची गोधडी तिने अंगावरच घेतलेली असते. दीड-दोन किलोची कोंबडी आठ-दहा वॅट उष्णता सतत बाहेर टाकते. तलंगांच्या गटातल्या पंचवीस माद्या म्हणजे दोनशे वॅटची जिवंत शेगडी. शंभर पिल्लांना आपण बल्बने देतो तेवढीच. या शेगडीला फक्त वारा लागू द्यायचा नाही आणि ओल साचू द्यायची नाही. थंडीत कोंबड्या आजारी पडतात त्या गारठ्यापेक्षा खाली अंथरलेल्या ओल्या तुसाने आणि अमोनियाने. गारठ्याला घाबरून चारी बाजूंनी ताडपत्री आवळली की नेमकं तेच होतं. वरून एक वीत मोकळी ठेवावी, खालून बंद करावं.

पिल्लांना मात्र ऊब लागते, आणि ती कुठून आणायची हा खरा प्रश्न. नाशिकच्या निफाडात थंडीच्या लाटेत पारा दोन-चार अंशांवर येतो, द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. तिथे शंभर पिल्लं सांभाळायची तर नुसतं भिंतीचं तत्त्वज्ञान पुरणार नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे: आधी गळती थांबवा, मग दिवसाचं ऊन साठवा, आणि एवढं करून जे कमी पडेल तेवढ्यापुरतीच वीज.

गळती कुठे आहे हे पिल्लंच सांगतात. रात्री ब्रूडरमध्ये वाकून बघितलं तर थर्मामीटर लागत नाही. बल्बखाली एकावर एक चढून ढीग झालाय आणि चिवचिव थांबत नाही, तर थंडी वाजतेय. खालची चार-सहा त्या ढिगातच गुदमरून मरतात. बल्बपासून लांब, कडेला, चोची उघड्या आणि पंख सोडलेले, तर उकाडा झालाय. सगळी एकाच बाजूला सरकलीत, तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झुळूक येतेय. आणि चिक-गार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवती उभ्या केलेल्या पट्टीच्या, गोलात सगळीकडे विखुरलेली, काही खाताहेत, काही मान टाकून झोपलीत, मधूनच एखादी बारीक किलबिल, तर ठीक आहे, आपणही झोपायला हरकत नाही. उघड्या छत्रीखाली बल्ब टांगला की त्याची निम्म्याहून जास्त उष्णता वर पत्र्याला जाते. त्याच छत्रीला वरून गोणपाट आणि भाताचं तूस यांचा हातभर थर द्या, कडांना पिल्लाच्या उंचीपर्यंत कापडाच्या झालरी सोडा आणि छत्री खाली आणा. तीच पिल्लं निम्म्या उष्णतेत भागवतात. इथिओपियात गवत भरलेल्या पेटीचा ब्रूडर वापरतात. त्यात बाहेरची उष्णता नाहीच. पिल्लं दिवसा बाहेर, रात्री गवताने वेढलेल्या पेटीत, आणि त्यांच्याच अंगची ऊब त्यांना पुरते. निफाडच्या जानेवारीत पहिल्याच आठवड्यात हे करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून करून बघायला काहीच हरकत नाही.

मग ऊन. शेड पूर्व-पश्चिम लांब बांधावी असं प्रत्येक पुस्तिकेत असतं, पण कारण क्वचित सांगितलेलं असतं. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. तीन फुटांची वळचण असली तरी तिची सावली भिंतीवर तीनच फूट उतरते, त्याखाली ऊन सरळ आत येतं आणि तूस कोरडं करतं. मेच्या उत्तरार्धात तोच सूर्य डोक्यावर येतो आणि तीच वळचण दुपारचं ऊन अडवते. एकही तार न जोडता हिवाळ्यात चालू आणि उन्हाळ्यात बंद होणारं यंत्र आहे हे. लेहजवळ फे गावात सेकमॉल या संस्थेचा परिसर आहे. तिथल्या मातीच्या, दक्षिणाभिमुख इमारती लडाखच्या उणे तापमानात इंधन न जाळता राहण्याजोग्या उबदार असतात. तिथे जे माणसांसाठी जमतं ते आपल्या सौम्य थंडीत पिल्लांसाठी का जमू नये?

साठवण करायची तर पाण्यात करावी. शंभर लिटर पाणी साठ अंशांवरून पस्तीसवर आलं की 2.9 युनिट उष्णता सोडतं. वर तीन बॅटऱ्यांतून जेवढी काढली, तेवढीच. पुण्याच्या गच्च्यांवर वर्षानुवर्षं दिसणारा शंभर-दीडशे लिटरचा सोलर वॉटर हीटर हे काम दिवसात करतो. पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्सा पकडतं, हा निम्मा पकडतो, कारण तो ऊन उष्णता म्हणूनच घेतो. त्याचं पाणी तुसाखालून फिरणाऱ्या नळीत सोडता येतं. किंवा सरळ पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून, गोणपाटात गुंडाळून, छत्रीखाली ठेवता येतं. पिल्लं कॅनला टेकून झोपतात. कॅनला आग लागत नाही, तिचा धूर होत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून विषारी वायूने पिल्लं मेल्याच्या आणि टांगलेला बल्ब तुसात पडून शेड जळाल्याच्या गोष्टी ज्याने ऐकल्या आहेत, त्याला हे मोलाचं वाटेल.

याला सर्वांत भक्कम आक्षेप तांत्रिक नाहीच. तो असा: बटण दाबायला कष्ट नाहीत, कॅन भरणं, पडदे सोडणं, झालर बांधणं हे सगळं हाताचं काम, आणि ते घरातल्या बाईच्या वाट्याला जाणार. आक्षेप खरा आहे. परसातल्या कोंबड्या तिच्या, त्यांचे पैसेही कसेबसे तिचे, आणि रात्री दोनला उठून पिल्लं बघणारीही तीच. तिचं एक काम वाढवून ‘अपारंपरिक ऊर्जा’ म्हणायचं हे मलाही रुचत नाही. म्हणून वीस-पंचवीस पिल्लांचा लहान लॉट असेल तर मी बॅटरीला नाही म्हणत नाही. पंचवीस-तीस वॅटची तापपट्टी, जिच्याखाली पिल्लं कोंबडीच्या पोटाखाली शिरावी तशी शिरतात, एका बॅटरीवर रात्र काढू शकते. किंवा अंड्यावर बसलेल्या खुडूक कोंबडीखाली अंधारात दहा-बारा पिल्लं सरकवावीत. तिला चार्जर लागत नाही. पण शंभराच्या लॉटला या दोन्हींचा उपयोग नाही.

दुसरा आक्षेप नेट-मीटरिंगचा. दिवसा छतावरची वीज महावितरणला द्या, रात्री परत घ्या, बॅटरी हवी कशाला? बिलापुरतं हे अगदी बरोबर आहे. ‘सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदानही मिळतं. पण ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर गावची वीज गेली की स्वतःही बंद पडतो. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. म्हणजे डिसेंबरच्या रात्री फीडर गेला की पिल्लं अंधारात आणि थंडीतच. ज्या भीतीपोटी सोलर घेतलं, तीच जागच्या जागी. आणि अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं. तुसाच्या थराला, झालरीला, वळचणीला मिळत नाही, कारण त्यांचं माप योजनेच्या रकान्यात बसत नाही. विक्रेत्याचाही यात दोष नाही. त्याला जे विकता येतं ते तो विकतो, आणि भिंतीची दिशा विकता येत नाही.

मग पॅनेलचं खुराड्यात मोठं काम कोणतं? महाराष्ट्रात ते थंडीत नाहीच, उन्हाळ्यात आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि अंड्याचं कवच पातळ होतं, बोटाने दाबलं तरी फुटावं इतकं. चाळिशी ओलांडली की विक्रीला आलेले, अंगाने जड झालेले ब्रॉयलर आधी पडू लागतात, आणि तोच तर शेतकऱ्याचा सगळा पैसा. इथे गरज आणि पुरवठा एकाच वेळी शिगेला असतात. दुपारी दोनला कोंबडीला वारा हवा असतो, दुपारी दोनलाच पॅनेल भरून देत असतं. शंभर वॅटच्या एका पॅनेलवर तीसेक वॅटचे दोन-तीन डीसी पंखे बॅटरीशिवाय थेट चालतात. ऊन वाढलं की पंखा आपोआप जोरात, ढग आला की हळू. कडक उन्हात पॅनेलही तापतं आणि दर अंशाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास कमी देतं, तेवढी तूट सोसायची. पॅनेल पत्र्यापासून फूटभर उचलून बसवलं तर त्याची सावली पत्र्यावर पडून शेडही थोडी निवते. बॅटरी घ्यायचीच असेल तर सूर्य मावळल्यानंतरच्या त्या दोन-तीन कोंदट तासांपुरती, लहान.

पावसाळ्याचं काय, असा प्रश्न उरतोच. कोकणात जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा पॅनेल अर्धपोटी आणि वॉटर हीटर उपाशी. त्या दिवसांत एकदिवसीय पिल्लांचा लॉट घेऊच नये, तलंगा घ्याव्यात, आणि सरकारी वाटपाचं वेळापत्रकही त्याप्रमाणे असावं. राष्ट्रीय पशुधन अभियानात ‘मदर युनिट’ ही कल्पना आहेच: पिल्लं चार आठवडे एका ठिकाणी वाढवायची, ऊब लागायचा काळ तिथेच संपवायचा आणि मग घरोघर द्यायची. हजार-दोन हजार पिल्लं एका छताखाली आली की जाड भिंत, पाण्याची टाकी, तुसाखालची नळी आणि सलग ढगांच्या दिवसांसाठी गॅसची शेगडी, सगळंच परवडतं, आणि रात्री दोनला उठायला पगारी माणूस असतो. उबेसाठी अनुदान द्यायचं असेल तर ते प्रत्येक परसातल्या बॅटरीला देण्याऐवजी तालुक्यातल्या अशा एका युनिटच्या भिंतीला आणि गरम पाण्याला द्यावं. परसातल्या बाईकडे मग पिसं फुटलेली पिल्लं येतील, आणि तिच्या खुराड्याला वीस वॅटचं एक पॅनेल आणि एक दिवा पुरेल.